रोबोटच्या शेजारी कोण उभा राहणार?



वरूडच्या आमच्या अभ्यासिकेत आयटीआय करणाऱ्या एका पोराने परवा विचारलं, "दादा, कंपनीत रोबोट आले तं आमच्या नोकरीचं काय होईन?"

प्रश्न खरा आहे. संत्र्याची प्रतवारी करणारी यंत्रे आपण पाहिली आहेत. पट्ट्यावरून फळ पुढे सरकते, यंत्र आकारानुसार ते वेगळे करते आणि कडेला उभ्या बाया डागी फळ बाजूला काढतात. पुण्याकडच्या वाहन कारखान्यांत याच्याही पुढची पायरी आली आहे. बजाज ऑटोने 2010 पासून 'कोबॉट' आणले. कामगाराच्या शेजारीच, मध्ये पिंजरा न घालता काम करू शकेल असा हा यांत्रिक हात असतो.

यंत्र किती नोकऱ्या खाईल, यावर सगळेच बोलतात. आपण त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. यंत्राशेजारी जी जागा उरेल ती कोणाला मिळेल आणि ते कोण ठरवेल? हा प्रश्न बाबासाहेबांनी मुंबईच्या गिरण्यांत विचारला होता.

1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. त्यामागे यंत्राचाच वाद होता. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, असे मालकांचे म्हणणे होते. कामगार कमी होणार म्हणून संघटना लढत होत्या. पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त होता तिथे, अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता. तो कताई खात्यात आणि इतर कमी पगाराच्या कामांत अडकलेला होता.

कारण काय? धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सुताचे टोक ओढून घेई. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. लाल बावट्याखाली एकत्र चालणारे कामगार धोट्यापाशी येऊन वेगळे होत होते. सगळ्या खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क मान्य करा, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असे बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले. तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी यादीत आली. मालकांनी हात झटकले. हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे उत्तर होते.

आता यंत्राचा इतिहास पाहा. कांडी आपोआप बदलणारा आणि धोट्यात सूत आपोआप ओवला जाणारा नॉर्थ्रॉप माग अमेरिकेत 1890 च्या दशकापासून विकला जात होता. म्हणजे तोंड लावण्याची गरजच संपवणारे यंत्र जगात तयार होते. मुंबईच्या गिरण्यांत त्याचा प्रसार फार थोडा झाला. स्वस्त मजूर मिळत असताना महाग यंत्र कोण घेणार? विटाळाचे निमित्त घालवणारे यंत्र दूर राहिले आणि कामगार कमी करणारी योजना मात्र आधी आली. यंत्र आपोआप कोणाला मुक्त करत नाही, ही त्यातली शिकवण.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच रेल्वेबद्दल दाखवले. आपला माणूस गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो. मनमाडहून बडनेऱ्यावरून नागपूरला जाणारी आपली लाईन याच रेल्वेची होती.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत. गांधीवादावर 1945 साली टीका करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला कष्टातून फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती घडत नाही, आणि दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आज याची कसोटी गटारापाशी आहे. केरळच्या जेनरोबोटिक्सने 2018 मध्ये 'बँडिकूट' हा रोबोट आणला. तो मॅनहोलमध्ये उतरतो आणि चालक वर उभा राहून कॅमेऱ्यात पाहत त्याला चालवतो. माणूस मरणातून वाचतो, हे मोठेच काम आहे. पण सरकारी नोंदणीत गटार व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे 38,000 कामगारांपैकी सुमारे 69 टक्के अनुसूचित जातींचे निघाले. उद्या खाली उतरणे बंद झाल्यावर चालकाची खुर्ची याच माणसांना मिळणार, की 'कुशल काम' म्हणून दुसऱ्याला? काल धोट्याचा विटाळ होता, आज 'पात्रता' आणि 'ओळख' ही नवी निमित्ते आहेत.

म्हणून काम ठरवून घेऊ. नगरपरिषदेत सफाईचे यंत्र असेल तर त्याचा चालक कोण, कायम की कंत्राटी, जुन्या सफाई कामगारांपैकी किती जणांना प्रशिक्षण दिले, हे माहिती अधिकारात विचारा. आयटीआयमध्ये रोबोट चालवण्या-दुरुस्तीचा अभ्यासक्रम मागा. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत नवे यंत्र येईल तेव्हा आधीच्या कंत्राटी कामगारांना पहिले प्रशिक्षण मिळावे, ही मागणी युनियनच्या यादीत घाला. 1928 साली ती यादीत घालायला बाबासाहेबांना भांडावे लागले होते.

त्या पोराला मी एवढेच सांगितले: रोबोटला घाबरू नको, तो चालवायला शिक. आणि शिकूनही कोणी तुला त्याच्याजवळ उभे राहू देत नसेल, तर एकटा घरी परतू नको. सगळ्यांना घेऊन जाब विचारायला जा.