गाडी तीच, इंजिन निराळे: आपल्या मोटारीत नेमके कोणते?

सुट्या भागांच्या दुकानात ऑइल फिल्टर मागितला, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो : इंजिन कोणते? ‘स्विफ्टचे’ एवढे उत्तर पुरेसे नसते, हे अनेक वाहनधारकांना तिथेच प्रथम कळते.

याच गाडीचे उदाहरण घेऊ. मारुतीची स्विफ्ट भारतात २००५ मध्ये आली, तेव्हा तिच्यात १२९८ सीसीचे ‘जी १३’ मालिकेतील पेट्रोल इंजिन होते. २००७ मध्ये १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आले. २०१० मध्ये पेट्रोलच्या जागी ११९७ सीसीचे ‘के १२ एम’ बसले, २०२१ मध्ये ‘के १२ एन’ आणि २०२४ मध्ये ‘झेड १२ ई’. डिझेलचे उत्पादन भारत स्टेज ६ निकषांमुळे २०२० मध्ये थांबले. म्हणजे एकाच नावाखाली पाच इंजिने! त्यांपैकी तिघांची क्षमता ११९७ सीसीच आहे. याचे कारण करात दडले आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील अबकारी कर कमी केला, आणि त्या मर्यादेच्या जेमतेम आत बसणारी इंजिने बाजारात आली. त्यामुळे केवळ सीसीवरून इंजिन ओळखू पाहणाऱ्याची फसगत ठरलेली.

ओळख पटवण्याची पहिली जागा म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, अर्थात आरसी. त्यावर इंधन, सीसी, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि इंजिन क्रमांक असतो. हीच माहिती एमपरिवहन ॲपवरील आरसीतही दिसते. सिलिंडरच्या संख्येकडेही लक्ष द्यावे. ‘झेड १२ ई’ तीन सिलिंडरचे आहे, आधीची दोन्ही ११९७ सीसीची इंजिने चार सिलिंडरची. मारुतीच्या इंजिन क्रमांकाची सुरुवातच सांकेतिक नावाने होते. पहिले अक्षर मालिकेचे आणि पुढचे दोन अंक क्षमतेचे : १२ म्हणजे १.२ लिटर. सर्वच कंपन्यांची पद्धत इतकी सरळ नाही. तिथे चासी क्रमांक घेऊन अधिकृत सेवा केंद्रात विचारणे उत्तम. हा क्रमांक सतरा स्थानांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. तेव्हा शून्यासारखे दिसेल ते शून्यच समजावे.

हा खटाटोप कशासाठी? ‘जी १३’ला टायमिंग बेल्ट आहे, तो ठराविक अंतरानंतर बदलावा लागतो. ‘के’ मालिकेत त्या जागी चेन आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल, तर बेल्टचा विषय विक्रेता आपणहून काढेलच असे नाही.

डिझेलची कथा याच्या उलट, म्हणजे गाड्या अनेक आणि इंजिन एक. १२४८ सीसीचे हे इंजिन मुळात फियाटचे. फियाटच्या पुंटोत ते ‘मल्टिजेट’, टाटाच्या इंडिका व्हिस्टात ‘क्वाड्राजेट’ आणि मारुतीत ‘डीडीआयएस’ झाले. मारुतीसाठी ते मानेसरला परवान्याखाली तयार होई, तर फियाट आणि टाटांसाठी पुण्याजवळील रांजणगावला. मात्र मूळ एक असले तरी प्रत्येक सुटा भाग जुळतोच असे नाही. भागाचा क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

इंधनाची खूण तुलनेने सोपी. उच्च सुरक्षा नंबरप्लेटबरोबर समोरच्या काचेवर लागणारा स्टिकर पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी असतो. भारत स्टेज ६ गाड्यांच्या स्टिकरवर वर हिरवी पट्टी असते. उसनी किंवा भाड्याची गाडी घेऊन पंपावर शिरण्यापूर्वी तो जरूर पाहावा. नंतर बसवलेल्या सीएनजी किटची नोंद मात्र आरसीवरच शोधावी.

राहिला मुद्दा प्रत्यक्ष ताडणीचा. इंजिन क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. नेमकी जागा मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. तेल आणि धूळ यांच्या थराखाली तो सहसा दिसत नाही. इंजिन थंड असताना कापडाने जागा पुसावी, पातळ कागद धरून वर पेन्सिल घासावी, अक्षरे उमटतात. ती आरसीशी एकेक करून जुळवावीत. न जुळल्यास विक्रेता ‘इंजिन बदलले आहे’ असे सांगेल. ते खरेही असू शकते, पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. ती नोंद दाखवता येत नसेल, किंवा क्रमांकाच्या जागी घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर विसाराची रक्कम देऊ नये. अशा गाडीचे हस्तांतर आरटीओत अडते, अपघातानंतर विमा कंपनीही याच क्रमांकावर बोट ठेवते, आणि गाडी चोरीची निघाल्यास पोलीस ठाण्याची पायरी नव्या मालकालाच चढावी लागते.