चार तारा, चार स्क्रू

गेल्या महिन्यात जेवताना नातवाने विचारलं, "आजोबा, छोट्या आजोबांच्या गिटारचे पडदे काढले तर चालेल का?" माझा घास हातातच राहिला. छोटे आजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्याची बास गिटार आमच्या अंबरनाथच्या घरात कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेली असते. नातू कॉलेजात गेल्यापासून ती खाली उतरली आणि आता तो तिचे पडदेच उपटायला निघाला होता!

मी ताबडतोब "नाही" म्हटलं. शिक्षकाची सवय, आधी नाही म्हणायचं आणि मग कारण शोधायचं. कारण शोधायला बसलो, त्यातूनच हा लेख झाला.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मुख्यतः आमच्या बदलापूरच्या वहिनींसाठी) थोडक्यात सांगतो. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी विजेची गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढून टाकली की गाणं पोकळ होतं. पूर्वी हे काम डबल बास करायचा. माणसापेक्षा उंच, भल्या मोठ्या व्हायोलिनसारखं ते वाद्य उभ्याने वाजवतात. कर्जत लोकलमध्ये ते घेऊन चढायची कल्पना करून पाहा. अमेरिकेतल्या वादकांचीही हीच अडचण होती, फक्त त्यांना ते मोटारीच्या टपावर बांधावं लागे. सिॲटलच्या पॉल टुटमार्कने १९३६ साली पडदे असलेला, आडवा धरून वाजवायचा विजेचा बास बनवला होता, पण तो फारसा चालला नाही. चालला तो १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडरचा. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने वाद्याचं नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. डबल बासच्या दांडीवर पडदे नसतात, बोट अंदाजाने ठेवावं लागतं. फेंडरने पडदे बसवले, त्यामुळे बोट केसभर मागेपुढे झालं तरी सूर बरोबर लागतो.

त्याने आणखी एक गोष्ट केली, तिचं महत्त्व मला आता या वयात कळलं. व्हायोलिन किंवा जुन्या गिटारची दांडी खोडाला सरसाने कायमची चिकटवलेली असते. फेंडरने ती चार स्क्रूंनी जोडली. दांडी बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. रेडिओवाल्याचं डोकं! पण त्यामुळे झालं असं, की जगभरच्या वादकांनी पुढची सत्तर वर्षं हातात पेचकस घेतला तो खाली ठेवलाच नाही.

आता भावाकडे येतो. १९७०च्या दशकात आमच्या भागात ऑर्केस्ट्राचं वेड होतं. कल्याणपासून बदलापूरपर्यंत गणपती, नवरात्र, लग्न, काहीही असो, ऑर्केस्ट्रा हवाच. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांनी पोरांना झपाटलं होतं. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. आमच्या घरात हे नाव माझ्या भावाच्या तोंडी देवासारखं असे. परदेशी गिटार त्या काळी आयातीच्या निर्बंधांमुळे आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. भावाने कुणाकडून तरी जुनी, देशी बनावटीची, नाव नसलेली बास विकत घेतली. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. "तारा चार आणि अक्कलही तेवढीच," असं मी त्याला म्हणालो होतो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "दादा, तंबोऱ्यालाही चारच असतात."

उत्तर बिनतोड होतं. मिरजेला शिकलगारांच्या घराण्यांनी, म्हणजे मूळच्या शस्त्रांना धार लावणाऱ्या लोकांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. त्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तंबोऱ्यात चौथी तार खर्जाची, सगळ्यांत जाड. ती एक तार उतरवा आणि मग गायला बसा, काय होतं ते कळेल. बासचं काम तेच. हे मला पटलं होतं, पण मी कबूल केलं नाही.

त्या गिटारची दांडी पहिल्याच पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकली. यात आश्चर्य काहीच नाही. बासच्या चार तारा मिळून साधारण ७५ ते ८० किलोचा ताण देतात. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या दांडीला रात्रंदिवस लटकलेला. म्हणून चांगल्या दांडीच्या पोटात पोलादी सळई असते आणि तिचा पेच पिळून बाक कमीजास्त करता येतो (ही युक्ती गिब्सन कंपनीची, १९२०च्या दशकातली). भावाच्या गिटारीत सळईबिळई काही नव्हती, अंबरनाथचा पाऊस मात्र भरपूर होता.

नवी दांडी कुठली मिळायला? मग तो उल्हासनगरला गेला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या माणसाला "हे होणार नाही" हे वाक्य येत नाही. फर्निचर बाजारातल्या एका मिस्त्रीने सागवानाची दांडी करून द्यायचं कबूल केलं, पोटात लोखंडी पट्टी घालून. अट एकच, पडदे कुठे पाडायचे ते मापासकट कागदावर लिहून आणा.

जुन्या दांडीवरून मापं घ्यावीत तर तिचे पडदे मुळातच बेसूर होते. मग ऑर्केस्ट्रातल्या एका गोव्याच्या वादकाने भावाला जुना नियम सांगितला. तारेच्या लांबीला अठराने भागा, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा अठराने भागा, तिथे दुसरा. असं करत जा. भाऊ वही घेऊन माझ्याकडे आला. "दादा, एवढं गणित करून दे." तारेची लांबी ८६४ मिलिमीटर, फेंडरचेच ३४ इंच. पहिला पडदा ४८वर, पुढचा ४५.३३, त्याच्या पुढचा ४२.८१... असे वीस भागाकार मी एका संध्याकाळी हाताने केले. गणित त्याला आठवीपर्यंत मीच शिकवलं होतं, त्यामुळे जरा ऐटीतच केले.

दांडी आली, बसली, आणि पुढे तो जवळजवळ वीस वर्षं वाजवत होता. मी त्याच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. शाळेच्या वह्या तपासायच्या असत, असं मी सांगत असे.

तारांचाही एक किस्सा आहे. बासच्या तारेत मधे पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. नुसती जाड सळई ताणली तर ती ताठ होते, नीट बोलत नाही. गुंडाळल्याने वजन वाढतं आणि लवचिकपणा राहतो. हे गुंडाळणं दोन प्रकारचं. एकात चपटी पट्टी गुंडाळतात, तार गुळगुळीत होते. दुसऱ्यात गोल तार गुंडाळतात, बोटाला खरखरीत लागते. सुरुवातीच्या बासला चपट्याच तारा असत. इंग्लंडच्या 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसलला पियानोसारखा खणखणीत आवाज हवा होता. त्याने १९६६ साली रोटोसाउंड कंपनीच्या मागे लागून गोल गुंडाळीच्या तारा करून घेतल्या. उलट अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन चपट्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे, मळ साचला की सूर गोड होतो असं तो मानी.

नातवाने मला दोन्ही ऐकवल्या. चपटी तार डग्ग्यावर तळव्याने दाब देऊन काढलेल्या घुमाऱ्यासारखी, बोलते आणि गप्प होते. गोल तार जवारी लावलेल्या तंबोऱ्यासारखी झणझणते, बराच वेळ रेंगाळते. माझं मत चपटीला. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचे कान १९६५ सालचे आहेत." असतील!

भावाला मात्र निवड नव्हती. एक संच मिळाला की तोच वर्षानुवर्षं. आवाज मेला की तो तारा काढून पाण्यात उकळायचा. घाम आणि मळ निघून जातो, तार काही दिवस पुन्हा बोलते. जगभर गरीब बासवाले हेच करत आले आहेत. आमची आई मात्र भाताच्या पातेल्यात वेटोळं करून पडलेल्या तारा बघून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मूळ प्रश्न, पडद्यांचा. फेंडरने कौतुकाने बसवलेले पडदे दहा वर्षांच्या आत एकाने उपटले. १९६१ साली लंडनमध्ये बिल वायमन (पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला तो) एक स्वस्तातली बास घेऊन आला. पडदे झिजलेले होते, नवे बसवावेत म्हणून त्याने जुने काढले. काढल्यावर वाजवून पाहिलं आणि नवे बसवलेच नाहीत. मग जॅको पास्टोरियस. त्याने १९६२ सालच्या फेंडर जॅझ बासचे पडदे काढून खाचा बुजवल्या, वरून बोटीला लावतात तसल्या इपॉक्सीचा थर दिला आणि त्यावर गोल गुंडाळीच्या तारा चढवल्या. १९७६ साली त्याची पहिली तबकडी आली, तेव्हा बास असा गाऊ शकतो यावर लोकांचा विश्वास बसेना.

आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. अफगाणी रबाबाची लाकडी पाटी काढून धातूची बसवली, आतड्याच्या तारा जाऊन धातूच्या आल्या, त्यातून एकोणिसाव्या शतकात सरोद घडला. पडदा नाही, म्हणून मींड मनसोक्त. विलायत खाँसाहेबांनी सतारीच्या खर्जाच्या जाड तारा काढल्या आणि मींडेचा ताण सोसावा म्हणून दांडीचा जोड भक्कम करून घेतला. रविशंकरांनी त्याच खर्जाच्या तारा जपल्या. आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, त्या श्रुतींसाठी खास पेटीही झाली. ठराविक जागी अडकलेला सूर आपला की बोटाने शोधलेला, हाच तो प्रश्न. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली पेटीलाच बंदी घातली होती, ती १९७१मध्ये उठू लागली.

एवढं सगळं वाचल्यावर माझं "नाही" जरा डळमळलं. पण दांडी हातात घेतली आणि पडद्यांवरच्या खाचा दिसल्या. तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर, जाड तारांखाली, धातू झिजून खळगे पडलेत. मी न ऐकलेले सगळे कार्यक्रम तिथे आहेत. ते कसे उपटू द्यायचे?

नातवानेच मार्ग काढला. "आजोबा, चार स्क्रू आहेत. दांडीच बदलतो." बिनपडद्याची तयार दांडी त्याने मागवली, ३४ इंची. जुनी काढताना त्याला एक गोष्ट दिसली. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, मागे लाकडात जुनी भोकं होती, खुंट्या मारून बुजवलेली. घोडी मूळ जागेपासून सहा मिलिमीटर पुढे सरकवलेली होती. नातवाने कॅल्क्युलेटर काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही अठराने भागलं होतंत?"

अठरा हा आकडा ढोबळ आहे. गॅलिलिओच्या वडिलांनी १५८१ साली सांगितलेला, कामचलाऊ. खरा आकडा १७.८१७. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, ४३२वर यायला हवा. माझ्या हिशेबाने तो ३ मिलिमीटर अलीकडे आला. म्हणजे दांडीवर जितकं वर जावं तितका सूर उतरलेला. भावाला पहिल्या दिवशीच कळलं असणार. त्याने घोडी दुप्पट, सहा मिलिमीटर पुढे घेतली. नातवाने वीसही पडद्यांचा हिशेब तपासला, सगळे जवळजवळ अचूक बसतात. मला तो यातलं एक अक्षर बोलला नाही.

नव्या दांडीसाठी घोडी पुन्हा मागे न्यावी लागली. नातवाने भावाने मारलेल्या खुंट्या कोरून काढल्या आणि मूळच्या भोकांत स्क्रू पिळले. सागवानी दांडी मी तेल लावून धोतराच्या पानात गुंडाळून ठेवली आहे. बरोबर चिठ्ठी ठेवली आहे, ही बसवताना घोडी सहा मिलिमीटर पुढे घ्यावी.