वर्षावनाचा तक्ता: इंग्रजी शब्दांची कुळकथा

इंग्रजी शिकवणाऱ्या सचित्र पुस्तकांत वर्षावनाचं एक पान हमखास सापडतं. रान उभं कापून दाखवलेलं असतं. सगळ्यांच्या वर डोकं काढलेली दोन-चार उंच झाडं, त्यांच्याखाली पानांचं सलग छत, त्याखाली अंधारा मधला थर आणि तळाशी ओला पालापाचोळा. फांदीवर टूकन, नदीत पिराना, काठावर कॅपिबारा, खोडाआडून बघणारा जॅग्वार. प्रत्येकापासून एक रेघ निघते आणि रेघेच्या टोकाशी इंग्रजी शब्द असतो. मुलं त्यावर बोट ठेवून शब्द म्हणतात, शब्द झाकतात आणि चित्राकडे बघून पुन्हा आठवतात.

इंग्रजी शिकणाऱ्याला याहून चांगलं पान मिळणं कठीण. शब्द तर त्यावर असतातच, शिवाय इंग्रजी कुणाकुणाकडून घेऊन मोठी झाली हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं, फक्त वाचायला शिकवत नाहीत. या पानाचं कूळ शोधत निघालं की वाट न्युरेंबर्गहून जावाला, तिथून ब्राझीलच्या किनाऱ्याला आणि गोव्यामार्गे आपल्या स्वयंपाकघरात येते.

आधी पद्धतीचं कूळ पाहू. चित्र, आकडा आणि शब्द यांची सांगड घालून भाषा शिकवायची रीत रुजवली ती यान आमोस कोमेन्स्की, म्हणजेच कोमेनियस, या मोराव्हियातल्या शिक्षकाने. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात त्याला देश सोडावा लागला आणि उरलेलं आयुष्य परमुलखात काढावं लागलं. जे आधी इंद्रियांना जाणवलं नाही ते बुद्धीत उतरत नाही, ही त्याची ठाम धारणा होती. त्याचं ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ १६५८ साली न्युरेंबर्गला छापलं गेलं. त्यात दीडशे प्रकरणं आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंवर आकडे आणि खालच्या लॅटिन-जर्मन मजकुरात तेच आकडे. पुढच्याच वर्षी लंडनच्या चार्ल्स हूलने त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. आज शाळेच्या भिंतीवर लागणारे फळांचे, पक्ष्यांचे, वाहनांचे तक्ते या पुस्तकाचे वंशज आहेत.

योगायोग असा, की त्याच १६५८ साली ॲमस्टरडॅमला आणखी एक पुस्तक छापलं गेलं. ब्राझीलमध्ये वैद्यकी केलेल्या विलेम पिसोने ‘दोन्ही इंडियां’च्या निसर्गावर, म्हणजे ब्राझील आणि पूर्वेकडची बेटं यांवर, मोठा ग्रंथ काढला. याकोबुस बोंटियस हा डच डॉक्टर १६३१ साली बटाव्हियात, आजच्या जकार्तात, वारला होता. त्याची टिपणं पिसोने या ग्रंथात घातली आणि त्यांत ‘ओरांगउटान’चं वर्णन होतं. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान. सोबतच्या चित्रात अंगभर केस असलेली एक बाई उभी आहे. चित्रकाराने प्राणी पाहिलेला नव्हता, नुसतं नाव आणि वर्णन त्याच्या हाती आलं होतं. चित्र चुकलं, पण नाव टिकलं. अशा रीतीने आपल्या तक्त्याची पद्धत आणि रानातल्या एका ठळक प्राण्याचं हे चित्र एकाच वर्षी छापखान्यातून बाहेर पडले.

आता तक्त्याच्या मथळ्याकडे वळू. ‘रेनफॉरेस्ट’ हा शब्द वाटतो तितका जुना नाही. आंद्रेआस शिम्पर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ साली वनस्पतींच्या भूगोलावर जर्मन ग्रंथ लिहिला. बारमाही ओलं, सदाहरित, उंच आणि वेलींनी भरलेलं रान त्याने कोरड्या ऋतूत पानं गाळणाऱ्या मोसमी रानापासून वेगळं काढलं आणि त्याला ‘रेगेनवाल्ड’, म्हणजे पावसाचं रान, म्हटलं. १९०३ साली ऑक्सफर्डहून त्या ग्रंथाचं भाषांतर निघालं आणि इंग्रजीने तोच शब्द आपल्या घडणीत बसवून घेतला.

त्याआधी इंग्रजीकडे ‘जंगल’ होता, तोही आपल्याकडून गेलेला आणि मुळात ‘जांगल’वरून आलेला. आयुर्वेदात देशांचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश आणि आनूप म्हणजे पाणथळ, दाट. इंग्रजीत हा शब्द शिरला तेव्हाही त्याचा अर्थ ‘पडीक जमीन’ असाच होता. नॅथॅनिएल हालहेडच्या १७७६ सालच्या हिंदू कायद्याच्या पुस्तकात पाच वर्षं न कसलेली जमीन म्हणजे जंगल असा खुलासा आहे. पडीक जमिनीवर झुडपं माजतात. तशी शब्दाच्या अर्थातही दाटी होत गेली. किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं. त्यातलं मोगलीचं रान सिवनीकडचं, म्हणजे साग-बांबूचं, उन्हाळ्यात पानं गाळणारं. पुढे इंग्रजीत हा शब्द ॲमेझॉन आणि बोर्निओच्या चिंब रानांनाही सर्रास लागला. कोरड्या माळाचं नाव पृथ्वीवरच्या सगळ्यात ओल्या रानांवर जाऊन बसलं.

मथळ्याखाली थर सुरू होतात आणि इथे एक गोष्ट लगेच नजरेत भरते. थरांचे बहुतेक शब्द इमारतीचे आहेत. तळ म्हणजे ‘फ्लोअर’. मधला थर ‘अंडरस्टोरी’, त्यातला ‘स्टोरी’ म्हणजे मजला. उंच झाडांच्या बुंध्याशी फळ्यांसारख्या उभ्या राहिलेल्या मुळांना ‘बट्रेस’ म्हणतात, म्हणजे जुन्या चर्चच्या भिंतींना बाहेरून दिलेला दगडी टेकू. वरच्या छताला ‘कॅनपी’. याचं कूळ थेट ग्रीकमध्ये जातं. तिथे ‘कोनोप्स’ म्हणजे डास आणि ‘कोनोपेइऑन’ म्हणजे मच्छरदाणी लावलेला पलंग. तो शब्द लॅटिन-फ्रेंचमधून आला, राजाराण्यांच्या पलंगावरचं छत झाला आणि शेवटी झाडांच्या माथ्यावर चढला. थंड बेटावरून आलेल्या माणसांना हे रान सांगण्यासाठी हाताशी घर होतं, म्हणून त्यांनी घराचेच भाग रानाला लावले. मुलांना कॅनपी, स्टोरी, फ्लोअर आणि बट्रेस एकत्र शिकवले तर एकाच वेळी रानाचे आणि इमारतीचे शब्द पाठ होतात.

तक्त्यावरचा एक शब्द मात्र आपल्याला घराजवळच तपासून पाहता येतो. तो म्हणजे ‘ड्रिप टिप’, पानाचं निथळतं टोक. एर्न्स्ट श्टाल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने जावातल्या निरीक्षणांवरून १८९३ साली पाऊस आणि पानाचा आकार यांचा संबंध मांडला. त्यासाठी जावाला जायची गरज नाही. पिंपळाचं ताजं पान देठाशी धरा, टोक खाली करा आणि त्यावर पाण्याची धार सोडा. पाणी पात्यावर रेंगाळत नाही. ते निमुळत्या शेपटीकडे ओघळतं, टोकाशी थेंब धरतो आणि गळतो, मागून दुसरा येतो. बघता बघता पातं कोरडं होतं. पान सतत ओलं राहिलं तर त्यावर शेवाळ आणि बुरशी चढून ऊन अडतं, म्हणून पावसाच्या मुलखातल्या कितीतरी झाडांनी अशी शेपटी धरली, असं अभ्यासक मानतात. हा प्रयोग केलेलं मूल ‘ड्रिप टिप’ विसरत नाही.

घराचे शब्द थरांपुरते पुरले. थरांत राहणाऱ्या जीवांसाठी मात्र युरोपीय भाषांकडे नावंच नव्हती. ती रानातल्या माणसांकडून घ्यावी लागली. १५०० साली पेद्रू काब्रालचं आरमार ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं. त्या किनाऱ्यावर तुपी बोलणारे लोक राहत होते. जोझे द अँशिएता या जेझुइट पाद्र्याने त्यांच्या भाषेचं व्याकरण लिहिलं आणि ते १५९५ साली पोर्तुगालमध्ये कोइंब्रा इथे छापलं गेलं. टूकन, तापीर, पिराना, कॅपिबारा, जॅग्वार ही सगळी तुपीतून पोर्तुगीजमार्गे आलेली नावं. पिरानातलं ‘पिरा’ म्हणजे मासा. कॅपिबारा म्हणजे गवत खाणारा. ‘जागुआरा’ हा शब्द मोठ्या मांसाहारी जनावराला होता. पोर्तुगीजांनी कुत्रे आणले तेव्हा लोकांनी त्यांनाही जागुआरा म्हटलं, आणि मूळच्या जनावराला वेगळं काढायला ‘जागुआरेते’, म्हणजे खरा जागुआरा, असं नाव पडलं. पॅराग्वेत आजही बोलल्या जाणाऱ्या ग्वारानी या भगिनी भाषेत ‘जाग्वा’ म्हणजे कुत्रा.

पूर्वेकडचा वाटा मलय भाषेने उचलला. ओरांगउटान तिचा. पँगोलिन तिचाच, ‘पेंग्गुलिंग’ म्हणजे अंगाची गुंडाळी करणारा. आपल्या खवल्या मांजराला जवळून पाहिलेल्या माणसाला हे नाव पटकन पटेल. ड्युरियन ‘दुरी’वरून, म्हणजे काट्यावरून. रंबुतान ‘रंबुत’वरून, म्हणजे केसांवरून. वेताला रॅटन म्हणतात तो मलय ‘रोतान’. घराभोवतीचं आपलं ‘कंपाउंड’सुद्धा मलय ‘कांपुंग’चा, म्हणजे वाडी-वस्तीचा, अवतार असावा असं बहुतेक कोशकार मानतात. या यादीत मराठीही आहे. ‘मंगूस’ हे इंग्रजी नाव आपल्या मुंगसाचं. दक्षिणेकडच्या भाषांशी नातं सांगणारा हा शब्द मराठीतून, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून, इंग्रजीत गेला. ‘जंगल बुक’मधला रिक्की-टिक्की-टावी हे नाव मिरवतो. फणसाचा ‘जॅक’ मलयाळममधल्या ‘चक्का’चा आणि सागाचा ‘टीक’ मलयाळममधल्या ‘तेक्का’चा. दोन्ही पोर्तुगीजांनी नेले.

पोर्तुगीज असे पुन्हा पुन्हा मध्ये येतात याला कारण आहे. काब्रालचं तेच आरमार ब्राझीलहून पुढे निघालं आणि १५०० सालीच कालिकतला पोचलं. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. मग ब्राझीलची झाडं आणि त्यांची नावं एकाच प्रवासात आपल्याकडे उतरली. क्रिस्टोव्हाँव द कॉश्ताच्या १५७८ सालच्या पुस्तकात कोचीनच्या बागांतला काजू दिसतो. तुपीत त्याचं नाव ‘आकाजू’, पोर्तुगीजमध्ये ‘काजू’ आणि इंग्रजीत ‘कॅश्यू’. तुपीतल्या ‘नाना’चा पोर्तुगीज ‘अनानास’ झाला आणि आपला अननस. इंग्रजांनी त्याला पाइन वृक्षाच्या बोंडासारखं फळ म्हणून ‘पाइनॲपल’ करून टाकलं. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचं ‘बटाटा’ आपण जसंच्या तसं ठेवलं, इंग्रजीत त्याचं ‘पोटॅटो’ झालं. काजू, अननस, बटाटा म्हणणारं रत्नागिरीचं किंवा पेडण्याचं मूल इंग्रज मुलापेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ असतं. वर्षावनाचा धडा त्याला परका वाटायचं काहीच कारण नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा उपासाच्या ताटात आहे. साबुदाण्यातला ‘साबू’ म्हणजे मलय ‘सागू’, आग्नेय आशियाच्या दलदलीतल्या ताडाच्या खोडातून निघणारं पीठ. आपण खातो तो साबुदाणा मात्र त्या ताडाचा नसतो, ॲमेझॉनच्या कंदाचा असतो. त्या कंदाच्या पिठाचा इंग्रजी शब्द ‘टॅपिओका’, तुपीतल्या ‘तिपिओका’वरून. कडू जातीच्या कंदात सायनाइडचं विष असतं. तिथल्या आदिवासींनी तो किसायचा, विणलेल्या लांब लवचीक नळीत भरून पिळायचा, रस निवळू द्यायचा आणि तळाशी बसलेलं पीठ भाजायचं, ही रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडची आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या आसपास याच कंदापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला. तिथेही कंद किसतात, पीठ निवळू देतात, त्याचे दाणे वळतात आणि तापल्या पत्र्यावर भाजतात. नाव मलय, कंद ब्राझीलचा, कसब सेलमचं आणि एकादशी आपली.

ज्यांनी हे शब्द दिले त्यांच्या भाषांचं पुढे काय झालं, हेही याच कुळकथेत येतं. तुपीवरून घडलेली सामायिक बोली ब्राझीलमध्ये इतकी पसरली होती, की तिला सरळ ‘सर्वसाधारण भाषा’ म्हणत. १७५७ साली पोर्तुगीज सत्तेने आदिवासी वस्त्यांसाठी नवे नियम काढले आणि तिच्या जागी पोर्तुगीज सक्तीची केली. गोव्यात याच सत्तेने १६८४ सालीच कोकणीविरुद्ध फर्मान काढलं होतं. म्हणून हा इतिहास मराठी आणि कोकणी माणसाला चटकन उमजावा. तुपीच्या वंशातली न्येंगातू मात्र आजही बोलली जाते. ब्राझीलच्या वायव्य कोपऱ्यातल्या साँव गाब्रिएल द काशुएरा या नगरपालिकेने २००२ साली न्येंगातू, तुकानो आणि बानिवा या तीन आदिवासी भाषांना पोर्तुगीजच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला.

शिक्षकांना एवढंच सांगावंसं वाटतं: मुलांच्या शब्दांच्या वहीत ‘शब्द’ आणि ‘अर्थ’ असे दोन रकाने असतात, त्यांना ‘कुणाचा’ हा तिसरा जोडा. जॅग्वारसमोर तुपी, पँगोलिनसमोर मलय, कॅनपीसमोर ग्रीक आणि मंगूससमोर मराठी असं मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावं. शब्द लवकर पाठ होतील, कारण एकेका घराण्याचे शब्द एकत्र लक्षात राहतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या भाषेपुढे आपलं मूल दबून उभं राहतं ती भाषा स्वतः कितीजणांपुढे विद्यार्थी होऊन बसली होती, हे त्याला कळेल, आणि तिला शिकवणाऱ्यांत आपलीही माणसं होती याचा त्याला आधार वाटेल.