काळी चौकट : हाडांच्या इंजेक्शनांचा एक इतिहास

मंडळी, ऑस्टिओपोरोसिसवरची, म्हणजे हाडे आतून पोकळ आणि ठिसूळ होण्याच्या आजारावरची इंजेक्शने घ्यावीत की नाही, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले. त्या पदवीवर तापाच्या गोळीचीसुद्धा चिठ्ठी लिहिता येत नाही. पण "फायद्यापेक्षा दुष्परिणामच जास्त" असं कोणी म्हणालं की आमचे कान टवकारतात. जास्त म्हणजे कशाने मोजून जास्त? तराजू कोणी धरला होता, आणि पारड्यात काय काय टाकलं होतं? या औषधांच्या इतिहासात हे पारडं इतक्या वेळा वरखाली झालं आहे, की तो इतिहासच आज आपण पाहू.

सुरुवात १९२५ च्या आसपास होते. कॅनडात जेम्स कॉलिप यांनी पॅराथायरॉइड ग्रंथीचा अर्क काढला. गळ्यात थायरॉइडच्या पाठीमागे या बारीकशा ग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवतो. कॅल्शियम कमी पडलं की तो हाडांच्या तिजोरीतून काढून आणतो. मग ही ग्रंथी बेबंद झाली तर? त्याचं उदाहरण म्हणजे कॅप्टन चार्ल्स मार्टेल. व्यापारी जहाजावरचा हा उंचापुरा अमेरिकन माणूस काही वर्षांत सुमारे सात इंचांनी बुटका झाला. हाडं विरघळत चालली होती. ग्रंथीवरची गाठ शोधण्यासाठी त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती सापडली, ती गळ्यात नव्हे, छातीत. त्यानंतर काही आठवड्यांतच तो वारला.

म्हणजे हा स्राव हाडांचा वैरी, असंच कोणीही म्हणेल. पण गंमत बघा. १९२९ मध्ये बॉस्टनला बाउअर, ऑब आणि ऑलब्राइट यांनी हाच अर्क उंदरांना दिला, तेव्हा हाडांच्या आतली जाळी घट्ट झालेली दिसली. १९३२ मध्ये हान्स सेली यांनाही थोड्या मात्रेत असंच काही आढळलं. हे सेली पुढे ताणतणावाच्या सिद्धांतामुळे जगप्रसिद्ध झाले. द्रव्य तेच. दिवसभर वाहत राहिलं तर हाड खातं, आणि दिवसातून एकदा थोडंसं टोचलं तर हाड बांधतं. द्रव्याचा 'स्वभाव' चांगला की वाईट, हा प्रश्नच इथे चुकीचा ठरतो. किती आणि केव्हा, हे ठरल्याशिवाय स्वभाव ठरत नाही. या निरीक्षणाचं औषध व्हायला मात्र फार काळ गेला. माणसांवरच्या पहिल्या मोठ्याशा प्रयोगाचा अहवाल आला तो १९८० मध्ये.

त्यानंतरचं नाव टेरिपॅराटाइड. मूळ स्रावातल्या ८४ अमिनो आम्लांपैकी पहिली ३४ घेऊन जीवाणूंकडून बनवून घेतलेलं औषध, रोज पोटावर किंवा मांडीवर घ्यायचं. ज्यांचा मणका आधीच मोडला आहे अशा १६३७ स्त्रियांवर चाचणी सुरू झाली, आणि डिसेंबर १९९८ मध्ये ती अर्ध्यात थांबवली गेली. कारण त्या स्त्रियांमध्ये नव्हतं. ते प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात होतं. तेच औषध जवळजवळ जन्मभर दिलेल्या उंदरांना हाडांचा कर्करोग होत होता. एकदोघांना नव्हे, प्रत्येक मात्रेच्या गटात.

आता तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? आम्ही तरी थांबवलीच असती. पण थांबवल्यावर हाती आलेले आकडे बघा. दोन टप्प्यांवरचे एक्स-रे उपलब्ध असलेल्यांपैकी, औषध न मिळालेल्या ४४८ जणींमध्ये ६४ जणींचा नवा मणका मोडला होता. रोज २० मायक्रोग्रॅम मिळालेल्या ४४४ जणींमध्ये २२ जणींचा. शंभरातल्या चौदा, आणि शंभरातल्या पाच. मळमळ, चक्कर, पायात गोळे येणं, रक्तात कॅल्शियम थोडं वाढणं हे त्रास होते, आणि ४० च्या मात्रेत जास्त होते, म्हणून २० ची मात्रा ठरली. कर्करोग एकीलाही नव्हता. पण दीड-दोन वर्षांत तो दिसणारच नाही, असंही म्हणता येत होतंच.

नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ती काळ्या चौकटीतल्या इशाऱ्यासह. उंदरांत हाडाचा कर्करोग आढळला आहे. दोन वर्षांहून अधिक घेऊ नये. आपल्याकडे वर्तमानपत्रातली काळी चौकट कशासाठी असते हे सांगायला नको. पेनच्या खोक्यातला कागद उलगडल्यावर सत्तरीच्या बाईला पहिल्यांदा तेच दिसायचं. आमच्या परिचयातल्या एका ताईंनी तो कागद वाचून पेन फ्रिजमध्ये ठेवून दिलं, ते उघडलंच नाही. त्यांना भित्र्या म्हणणं अन्यायाचं होईल. मोडलेल्या मणक्याने माणूस वाकतो, दुखण्याने बेजार होतो. हाडाच्या कर्करोगाने मरतो. दोन्ही गोष्टी नुसत्या मोजून एका रांगेत लावता येत नाहीत.

तरी मोजायला तर हवंच. साठी उलटलेल्यांत हा कर्करोग वर्षाला दहा लाखांत सुमारे चार जणांना होतो. समजा, केवळ समजा, औषधाने तो दहापट केला: दहा लाखांत चाळीस. दुसऱ्या पारड्यात, त्या चाचणीतल्यासारख्या दहा लाख स्त्रिया घेतल्या, तर टळलेल्या मोडलेल्या मणक्यांचा आकडा नव्वद हजारांच्या घरात जातो. उंदराकडून माणसाकडे येतानाची वाटही सरळ नव्हती. उंदराचं हाड जवळपास आयुष्यभर वाढत राहतं, आणि त्यांना औषध मिळालं होतं ते आयुष्याच्या फार मोठ्या भागात. माकडांना दीड वर्ष औषध देऊन पुढे तीन वर्षं पाहिलं, गाठ आली नाही. यातून माणूस सुरक्षित आहे हे सिद्ध होतं का? नाही. एका प्राण्यावरून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढणं हे नेहमीच उधारीवरचं ज्ञान. माकडावरून काढलं तरी आणि उंदरावरून काढलं तरी.

ती उधारी फेडली गेली ती माणसांच्याच नोंदींनी. अमेरिकेत पंधरा वर्षं हाडाच्या कर्करोगाच्या प्रौढ रुग्णांना शोधून विचारलं गेलं, की तुम्ही हे औषध घेतलं होतं का? अकराशेहून जास्त मुलाखतींत तिघांनी हो म्हटलं. औषधाचा काहीही संबंध नसता तरी चारेक जण निघतील असा हिशेब होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ती चौकट काढून टाकली गेली. अठरा वर्षं. हाडाचे आजार असलेले किंवा किरणोपचार झालेले रुग्ण यांच्यासाठीची सावधगिरी आजही आहे, ती योग्यच. पण कर्करोग झालेल्यांची नोंद ठेवली गेली तशी पेन न उघडणाऱ्यांची वही कोणी ठेवली नाही. न घेतलेल्या औषधाचा दुष्परिणाम कोणत्याच कागदावर छापत नाहीत.

वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक आम्ल २००७ मध्ये आलं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस तापासारखं अंग मोडून येतं, त्यावर फार बोलत नाही. डेनोसुमॅबवर मात्र थांबायला हवं. २०१० पासूनचं हे इंजेक्शन, सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली. हाड खाणाऱ्या पेशी तयार होण्याचा संदेशच ते अडवतं. ७८६८ स्त्रियांच्या चाचणीत तीन वर्षांत नवे मणके मोडण्याचं प्रमाण ७.२ टक्क्यांवरून २.३ वर आलं. जबड्याच्या किंवा मांडीच्या हाडाच्या दुर्मीळ तक्रारींची सगळे धास्ती घेत होते; या औषधाचा खरा धोका वेगळ्याच दारातून आला. ते घेण्यात नव्हता, सोडण्यात होता. औषध थांबलं की अडवून धरलेल्या पेशी एकदम मोकाट सुटतात. २०१८ मध्ये जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की औषध चालू असताना शंभर स्त्रियांमागे वर्षाला १.२ जणींचे मणके मोडत होते, आणि थांबवल्यावर ७.१ जणींचे. तुम्ही म्हणाल, हे तर औषध न घेतल्यासारखंच झालं. आकड्यापुरतं खरं आहे. पण ज्यांचे मोडले त्यांच्यात एकाहून जास्त मणके मोडलेल्या निम्म्याहून अधिक होत्या.

आता हा दुष्परिणाम कोणत्या पारड्यात टाकायचा, सांगा. भीतीने औषध सोडणारी बाई धोका टाळते आहे असं तिला वाटतं, आणि नेमकी तेव्हाच ती धोक्यात पाऊल टाकते. करणं आणि न करणं यांत नैतिक फरक असतो की नाही, यावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षं वाद घातले. त्या वादात 'सोडणं' नावाचं तिसरं क्रियापद कधी आलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जगभर इंजेक्शनच्या तारखा हुकू लागल्या. हाडांच्या तज्ज्ञसंस्थांनी एकत्र येऊन सांगितलं: मागच्या इंजेक्शनपासून सात महिन्यांपलीकडे जाऊ नका, जाणारच असाल तर दुसऱ्या गटातली गोळी सुरू करा.

रोमोसोझुमॅबची कथा थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत हाडं बेसुमार घट्ट होण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्या दुखण्याच्या अभ्यासातून या औषधाची कल्पना निघाली. २०१७ मध्ये आलेल्या ४०९३ स्त्रियांच्या चाचणीत जुन्या गोळीपेक्षा हाडं कमी मोडली, पण पहिल्या वर्षी हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २.५ टक्के, गोळीच्या गटात १.९. त्याआधीच्या, औषधाविना गटाशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत असा फरक नव्हता. मग औषध हृदयाला घातक, की जुनी गोळीच हृदयाला जपते? २०१९ मध्ये युरोपच्या औषध समितीने आधी नकार दिला आणि काही महिन्यांनी तेच आकडे समोर असताना होकार दिला. अमेरिकेने होकार दिला, पण काळ्या चौकटीसह. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन वर्ष झालं नसेल तर हे औषध देऊ नये, असं त्यात लिहिलं आहे.

आणि जानेवारी २०२४ मध्ये डेनोसुमॅबलाही चौकट मिळाली, बाजारात आल्यावर जवळपास चौदा वर्षांनी. मूत्रपिंड फार खराब झालेल्या, विशेषतः डायलिसिसवरच्या रुग्णांत रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जातं म्हणून. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी इंजेक्शनआधी आणि नंतर रक्ततपासणी कधी करायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. चालू असलेलं इंजेक्शन मात्र त्यांना न विचारता बंद करू नये. आता प्रश्न घेऊ.