चुकून झालेलं डेअरिंग

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, नव्या ऑफिसात पहिल्याच मीटिंगला इंग्रजी चुकलं गं. आता तोंड उघडायचं डेअरिंगच होत नाही!"

मला तिच्या 'डेअरिंग'चाच एक जुना अवतार आठवला. 'डेरिंग-डू'. इंग्रजी वीरकथांमध्ये पराक्रम, मर्दुमकी अशा अर्थाने येतो तो.

याची जन्मकथा गमतीची आहे. १३८०च्या दशकात चॉसरने 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या काव्यात 'डॉरिंग डॉन' लिहिलं. अर्थ साधा, 'करायला धजणं'. पुढे लिडगेट या कवीने ते शब्द उचलले. सोळाव्या शतकात त्याचं काव्य छापताना त्यांचं झालं 'डेरिंग डू'. मुद्राराक्षसाचा प्रताप, दुसरं काय! स्पेन्सरला वाटलं, हे नामच आहे. १५७९च्या 'शेफर्ड्स कॅलेंडर'मध्ये त्याने ते शौर्य म्हणून बिनधास्त वापरलं. १८१९ साली वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅन्हो'त ते पुन्हा बाहेर काढलं, आणि मग ते रुळलंच.

म्हणजे बघा, धाडसासाठीचा हा शब्द उभा आहे तो एका छपाईच्या चुकीवर आणि एका गैरसमजावर!

भाचीला हे सगळं सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की चूक होईल म्हणून मी नोकरीत कित्येक वर्षं गप्प बसले. माझ्या चुका कमी झाल्या, पण माझं म्हणणंही कुणाला कळलं नाही.

काल तिचा मेसेज आला. "आज दोन वाक्यं बोलले. एक चुकलं."

जमलं की!