आजोबांच्या नावाशेजारी

आम्ही तिघी एकाच आजोबांच्या नाती. दोघी मुलांकडच्या, एक मुलीकडची. आज आमच्या आजोबांबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा इतिहास असाच आहे. ऐकताना तुमच्यातल्या अनेकींना तो आपल्याच घरचा वाटेल.

आजोबा माण तालुक्यातले. पाऊस बेभरवशाचा, रान खडकाळ. बाजरी, मटकी आणि चार मेंढरं यांवर घर भागेना, म्हणून १९५१ साली त्यांनी मुंबई गाठली. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली, ती १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. तेव्हापासून घाटावरची आणि कोकणातली गडीमाणसं तिकडं जात राहिली, आणि लालबाग-परळचं गिरणगाव झालं.

सुरुवातीला आजोबा बदली कामगार होते. म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. खोली गावकीची. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिथंच पथारी टाकायची. जेवण खानावळीत. आजोबा माळकरी, त्यामुळं खानावळवाली मावशी त्यांचं ताट वेगळं वाढायची, एकादशीला आठवणीनं साबुदाणा ठेवायची. गिरणगाव अशा बायकांच्या चुलीवर जगलं. पुढं १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं त्यांच्या कष्टाला नाव मिळालं.

रविवार हा आजोबांचा भजनाचा दिवस. ही सुट्टीसुद्धा आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. आमच्याकडं रविवार म्हणजे खंडोबाचा वार, म्हणून आजोबांना तिचं विशेष अप्रूप. आषाढीला पंढरपूरला जायला रजा मिळाली नाही, तर ते वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन यायचे.

आजोबा साचे खात्यात कायम झाले. तिथं पगार बरा. पण या खात्याची एक गोष्ट त्यांनी आमच्यापासून लपवली नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागायचं. दुसऱ्याच्या तोंडाचा धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असं म्हणत दलित कामगारांना साच्यावर येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं झालं. आजोबा गिरणीत आले ते त्यानंतर, तरी जुन्या माणसांची कुरकुर चालूच होती. रात्री भजनात एकमेकांच्या पाया पडणारी माणसं सकाळी साच्यावर विटाळ पाळायची, आणि आपण त्यात गप्प बसलो, असं ते म्हणायचे. हे सांगताना त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडं जायचा.

आता गावाकडचं. आजोबा दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे. तिच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असायची. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि आजी ते कुपन पत्र्याच्या पेटीत ठेवायची. ती पेटी आम्ही तिघींनी बसून लावली. पेरणी झाली का, शेळी व्याली का, एकादशी वडाळ्यात केली, असं सगळं त्यात आहे. १९७२ च्या एका कुपनावर लिहिलंय, ‘पोरीला शाळेतून काढू नको.’

पण तो मोठ्या दुष्काळाचा काळ. विहिरी कोरड्या, रेशनला तांबडी मिलो ज्वारी. मुंबईहून आलेल्या पैशात तीन पोरं आणि सासू-सासरे जगवायचे कसे? आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, आणि अकरा वर्षांच्या आत्याला बरोबर घेऊन गेली. आत्याची शाळा तिथंच सुटली. दोन्ही भाऊ मात्र शिकले.

कुपनं १९८२ च्या सुरुवातीला थांबतात. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. आजोबा वर्षभर वाट पाहून गावी आले. ज्या जमिनीवर त्यांना परत उभं राहायचं होतं, ती आजीनं तीस वर्षं राखली होती. पहिल्या हंगामात कुठल्या तुकड्यात काय पेरायचं हे त्यांना आजीला विचारावं लागलं.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची चळवळ गावोगाव पोचली. नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीवर बायकोचं नाव लावावं, असं ती सांगत होती. आजोबा तलाठ्याकडं गेले आणि सातबाऱ्यावर आजीचं नाव लावून आले. चावडीवर लोक हसले. आजोबांचं उत्तर होतं, देवाचं नाव आपण विठ्ठल-रखुमाई असं जोडीनं घेतो, मग जमिनीवरच एकट्याचं का?

आजोबा गेले. पुढं १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या गिरणी कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घर देण्याची योजना आली. अर्ज करताना वारसांची नावं काढली, तर यादीत दोन्ही काका-वडील होते, आत्या नव्हती. तिचं लग्न लावून दिलं, आता तिचं काय, असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या मिळकतीत बायको, मुलगे आणि मुली सारखेच वारस असतात. आम्ही तो कायदा सांगितला, कुणी ऐकलं नाही. मग आम्ही १९७२ चं कुपन मोठ्यानं वाचलं. आजीनं मान हलवली आणि म्हणाली, खडीवर माझ्या शेजारी ही बसली होती, तुम्ही नव्हता. आत्याचं नाव यादीत लागलं.

सोडतीत घर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. पण आजोबांची आठवण काढताना आता आमच्या घरात गिरणी आणि माळ यांच्याबरोबर आजीचं शेत, आत्याची खडी आणि खानावळीतल्या मावशीचं ताटही सांगितलं जातं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही अशी पेटी असेल. ती उघडा. कागद उन्हात घाला, वाळवी लागू देऊ नका. सातबारा, रेशनकार्ड, वारसनोंद काढून बघा आणि ज्या बाईनं घर तारलं तिचं नाव त्यात कुठं आहे ते शोधा. नसेल तर लावून घ्यायला या आठवड्यातच तलाठ्याकडं जा. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा.