गोष्ट सुरू करण्याआधी रिव्ह्यू वाचावा का? आणि वाचलाच तर किती?

नवी वेबसिरीज आली किंवा एखाद्या कादंबरीचं नाव सगळीकडे दिसायला लागलं की आपण आधी काय करतो? पुस्तक उघडत नाही, रिव्ह्यू उघडतो. किती स्टार आहेत ते बघतो, दोन-चार कमेंट वाचतो, यूट्यूबवर कुणाचा तरी व्हिडिओ अर्धामुर्धा पाहतो. गोष्ट सुरू व्हायच्या आत आपलं मत बनून तयार असतं. दुसरीकडे रिव्ह्यूचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणारी मंडळी आहेत. शेवट कळेल या भीतीनं ती आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करून बसतात.

दोघांचंही समजण्यासारखं आहे. आठ भागांची सिरीज म्हणजे सहा-सात तास गेले. जाडजूड कादंबरी म्हणजे पैसेही गेले आणि दोन आठवडेही. फसायचं कुणालाच नसतं. पण कुठलीही गोष्ट पहिल्यांदा वाचण्याची संधी एकदाच मिळते, हेही तितकंच खरं.

या प्रश्नावर संशोधकांनी प्रयोग केले आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी एक फोड करून घेऊ. रिव्ह्यूतून आपल्याला तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. एक, माहिती: ही गोष्ट कसली आहे, किती मोठी आहे, कुणासाठी आहे. दोन, कथानक: पुढे काय होतं. आणि तीन, निकाल: चांगली की वाईट. आपण सगळे दुसऱ्याला घाबरतो. खरं तर जास्त सांभाळायला हवं ते तिसऱ्यापासून.

शेवट कळला की मजा जाते?

२०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. त्यांनी १२ लघुकथा निवडल्या. काही शेवटी कलाटणी देणाऱ्या, काही रहस्यकथा, काही शांत वळणाच्या साहित्यिक कथा. लेखकांमध्ये अगाथा ख्रिस्ती, चेकॉव्ह, रोआल्ड डाल अशी नावं होती. काही वाचकांना कथा जशीच्या तशी दिली आणि काहींना आधी एक परिच्छेद दिला, ज्यात शेवट फोडलेला होता. नंतर कथा किती आवडली याचे गुण मागितले.

निकाल सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट लागला. तिन्ही प्रकारांत शेवट आधी कळलेल्या वाचकांनी सरासरी थोडे जास्त गुण दिले. फरक फार मोठा नव्हता, पण मजा कमी झाली नव्हती एवढं दिसत होतं. शेवट माहीत असला की डोकं 'आता काय' यात अडकत नाही आणि कथा समजायला सोपी जाते, असं एक स्पष्टीकरण पुढे आलं.

मग स्पॉयलरवाद्यांचा विजय झाला म्हणायचं का? नाही. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी ४१२ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला आणि उत्तर उलटं आलं. शेवट न कळलेल्या कथा जास्त रंजक वाटल्या, वाचक त्यात जास्त गुंतले. याच दोघांच्या पुढच्या अभ्यासात वाचकाच्या स्वभावाचा मुद्दा आला. ज्यांना डोक्याला फार ताण द्यायला आवडत नाही त्यांना शेवट फोडलेल्या कथांची निवड सोयीची वाटते. ज्यांना भावनांत बुडायला आवडतं, ते शेवट न कळलेल्या कथेत जास्त रमतात.

म्हणजे 'स्पॉयलरनं सगळा सत्यानाश होतो' हे जितकं अतिशयोक्त, तितकंच 'काहीच फरक पडत नाही' हेही.

मराठी वाचकाला यात फारसं नवल वाटू नये. 'पानिपत' ही विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ साली आली. ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाला लढाईचा निकाल शाळेपासून पाठ होता. 'स्वामी'मधले माधवराव अकाली जाणार हे माहीत असतं, 'मृत्युंजय'मधल्या कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हेही. तरी ही पुस्तकं पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्र'मध्ये सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळणार, याबद्दल पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकालाही शंका नव्हती. संगीत नाटकांत तर सूत्रधार आणि नटी पडदा उघडताच आज काय बघायचंय ते सांगून मोकळे होत. 'काय होणार' हे बाजूला पडलं की लक्ष 'कसं होणार' याकडे जातं आणि उत्तम गोष्टीची बरीचशी करामत त्या 'कसं'मध्येच असते.

पण रहस्यकथेचा मामला वेगळा आहे. अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे (मधे कोरोनानं खंड पाडला तेवढाच) आणि प्रयोग संपल्यावर खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी प्रेक्षकांना विनंती केली जाते. खुनी माहीत असताना ते बघायला मजा येणार नाही असं नाही. ती दुसऱ्या वेळची मजा असते आणि ती केव्हाही मिळवता येते. पहिल्या वेळची एकदा हुकली की हुकली. तेव्हा रहस्य किंवा भयकथा असेल तर कथानक टाळा, चरित्रात्मक, ऐतिहासिक किंवा कौटुंबिक गोष्ट असेल तर फार जीव टांगणीला लावू नका.

जाता जाता एक तक्रार. मराठी पुस्तक परीक्षणांत एक जुनी खोड आहे: पहिल्या परिच्छेदापासून अख्खं कथानक क्रमवार सांगायचं आणि शेवटी 'ही कादंबरी मुळातूनच वाचायला हवी' असं म्हणून थांबायचं. कथासंग्रहांच्या लांबलचक प्रस्तावनाही बरेचदा हेच करतात. प्रस्तावना पुस्तकाच्या सुरुवातीला छापतात म्हणून आधीच वाचायला हवी असं कुठे लिहिलेलं नाही. ती शेवटी वाचा, जास्त कळते.

निकाल आधी ऐकला की काय होतं?

आता तिसऱ्या गोष्टीकडे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग छापून आला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर पाच महिन्यांत आलेल्या १,०१,२८१ कमेंटपैकी काहींना त्यांनी येताक्षणीच एक खोटं 'अप' मत दिलं, काहींना एक खोटं 'डाउन' मत, आणि बाकीच्यांना हात लावला नाही. कुठल्या कमेंटला काय मिळणार हे नशिबावर सोडलं होतं, तिच्या दर्जाशी त्याचा संबंध नव्हता.

फक्त एका खोट्या 'अप' मतामुळे पुढच्या वाचकानंही 'अप' देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि त्या कमेंटचे अंतिम गुण सरासरी २५ टक्के जास्त झाले. 'डाउन' मताचा परिणाम मात्र टिकला नाही, इतरांनी तो भरून काढला. एक अनोळखी माणूस, एक क्लिक, आणि नंतर येणाऱ्यांचं मत सरकलं. त्यातल्या कुणालाही आपलं मत उसनं आहे असं वाटलं नसणार.

त्याआधी २००६ मध्ये मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४,३४१ लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली होती. काहींना कुणी काय डाउनलोड केलंय ते दिसत नव्हतं. बाकीच्यांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपापल्या गटातले आकडे दाखवले. गाणी तीच, तरी प्रत्येक गटात हिट ठरलेली गाणी वेगळी निघाली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि आपण वाचतो-बघतो त्यातलं बहुतेक मधलंच असतं.

कौतुकाचंही ओझं होतं. बालाझ्स कोवाच आणि अमांडा शार्की यांनी ६४ इंग्रजी पुस्तकांवरचे ३८,८१७ वाचक-रिव्ह्यू तपासले. त्यांत पुरस्कार मिळालेली पुस्तकं होती आणि अंतिम यादीत येऊन हुकलेलीही होती. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर विजेत्या पुस्तकांचं रेटिंग खाली गेलं. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. पण पुरस्काराचं नाव वाचून ज्यांना एरवी तसलं पुस्तक रुचत नाही असे लोकही ते उघडू लागले आणि त्यांचा हिरमोड झाला. 'आयुष्य बदलून टाकणारं पुस्तक' अशी पोस्ट वाचून घेतलेलं बरं पुस्तकही सुमार वाटतं, ते यामुळेच.

मुळात हे स्टार देतं कोण?

बहुतेक ऑनलाइन रेटिंगचा आलेख काढला तर दोन टोकं फुगलेली दिसतात: पाच स्टारची रांग सर्वांत मोठी, एक स्टारची त्यामानाने लहान, मध्ये खड्डा. कारण साधं आहे. ज्याला 'ठीक होतं' वाटलं तो लिहायला बसत नाही. लिहितो तो भारावलेला किंवा भडकलेला.

कधीकधी तर वाचलेलंही नसतं. जून २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी 'द स्नो फॉरेस्ट' या आगामी कादंबरीची घोषणा केली. कथा रशियात घडते म्हणून युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर गुडरीड्सवर एक-एक स्टारचा पाऊस पडला. पुस्तक यायला अजून महिने होते, कुणीच वाचलं नव्हतं. काही दिवसांतच लेखिकेनं प्रकाशन थांबवलं.

पैसे देऊन करवलेल्या कौतुकाचाही प्रश्न आहेच. भारतात जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार इन्फ्लुएन्सरनं पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली पोस्ट जाहिरात म्हणून दाखवावी लागते. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात. तेव्हा रीलखाली 'पेड पार्टनरशिप' किंवा 'अ‍ॅड' लिहिलंय का, हे बघायची सवय आपणच लावून घ्यायची.

मराठी पुस्तकांची अडचण आणखी वेगळी. बऱ्याच पुस्तकांना ऑनलाइन चार-पाचच रेटिंग असतात. चौघांनी पाच स्टार दिले आणि पाचव्यानं पार्सल फाटकं आलं म्हणून एक दिला, की सरासरी थेट ५ वरून ४.२. त्यात लेखकाचा काय दोष? आणि एकही रिव्ह्यू नसलेली कितीतरी चांगली पुस्तकं ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. स्टार बघूनच उघडायचं ठरवलं तर ती कधीच हाताला लागणार नाहीत.

व्यावसायिक समीक्षकही चुकतात. 'शोले' १९७५ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं फारसं स्वागत केलं नव्हतं. नंतर तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. हिचकॉकनं १९६० मध्ये 'सायको'चे समीक्षकांसाठी वेगळे खेळ ठेवलेच नाहीत, त्यांना सर्वांबरोबर थिएटरात बसावं लागलं. सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही, असाही नियम होता. पहिले रिव्ह्यू संमिश्र आले, बाहेर रांगा मात्र लागल्या.

मग करायचं काय?

काही वेळा आधी वाचणं भागच आहे. मुलांसोबत बघायचं असेल, घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल, हिंसा किंवा अत्याचाराची दृश्यं सोसत नसतील, तर चौकशी करा, अगदी शेवटासकट करा. तिथे स्पॉयलरची चिंता करायची नसते. दहा खंडांची मालिका विकत घेण्याआधी ती पूर्ण झालीय का हे बघणंही शहाणपणाचं.

एरवी सुरुवात करण्याआधी फक्त माहिती घ्या: प्रकार, लांबी, भाषा, अनुवाद असेल तर अनुवादक कोण. मलपृष्ठावर यातलं बरंचसं मिळतं, तेही पहिल्या चार ओळींत. रिव्ह्यू उघडलाच तर तीन स्टारवाला उघडा. भारावलेलाही नाही, भडकलेलाही नाही असा माणूस सहसा काय आवडलं आणि काय नाही हे दोन्ही सांगतो. शंभर अनोळखी स्टारांपेक्षा एक ओळखीचा समीक्षक बरा, मग त्याची आवड तुमच्याशी जुळत नसली तरी चालेल. त्याला कंटाळवाणं वाटलेलं आपल्याला हमखास आवडतं, असे समीक्षक प्रत्येकाला माहीत असतात.

आणि एक उपाय रिव्ह्यूपेक्षा स्वस्त आहे. पहिली वीस पानं वाचा. ई-पुस्तकांचे नमुने बहुधा फुकट मिळतात, दुकानात उभ्या उभ्या चाळता येतं, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक न आवडल्यास दुसऱ्या दिवशी परत करता येतं. सिरीजचा पहिला भाग रिव्ह्यूच्या दोन व्हिडिओंइतक्याच वेळात बघून होतो.

शेवटचं पान उलटल्यावर मात्र हवे तेवढे रिव्ह्यू वाचा. तेव्हा ते गप्पांसारखे लागतात. 'अरे, हे माझ्या लक्षातच आलं नाही' किंवा 'हा माणूस भलतंच वाचून आलाय' असं म्हणता येतं, कारण तुमचं स्वतःचं मत आधीच तयार असतं. स्वतः लिहिणार असाल, तर फेसबुकवर 'सी मोअर'च्या आधीच्या तीन-चार ओळी न विचारता सगळ्यांना दिसतात. गुपित त्या ओळींच्या खाली ठेवा. गुडरीड्सवर मजकूर झाकायची वेगळी सोय आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तीही नाही, त्यामुळे तिथे आधी विचारा: कुणाचं वाचायचं राहिलंय का?